पुढं सहा, मागं चार

शब्बीरभाईंनी पहिल्या भेटीत माझ्या जीपला हातसुद्धा लावला नाही.

चंद्रपूरला बायपासजवळ त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार लोखंडी खांब, वर पत्रे, आणि खाली तेल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. मी गेलो तेव्हा ते उकिडवे बसून एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हातोडा घालत होते. मी म्हटलं, "मागचे शॉकअप गेलेत, बदलून द्या." त्यांनी गाडीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"कोनत्या रस्त्यानं चालते?"

"गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाच्या कडेचा मुरमाचा रस्ता."

"तो कोनं बनवला?"

मी छाती पुढं काढून सांगितलं, "आम्हीच. साइट इंजिनिअर आहे मी तिथला."

झालं! किल्ली माझ्या हातात परत. "मंग पयले रस्ता दुरुस्त करून या साहेब. म्या आज शॉकअप बदलले तं तुमी आठ रोजानं पुन्हा इथीच उभे. अन् गावात सांगान का शब्बीरचं काम कच्चं हाये."

मी मूळचा नगरचा, डोक्यानं गरम. तिथून तणतणत निघालो आणि दुसऱ्या एका ठिकाणी शॉकअप बदलून घेतले. आठ नाही, अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी मी मुकाट्यानं पत्र्यांच्या त्या छपराखाली जाऊन उभा राहिलो. शब्बीरभाई हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "बसा. चहा सांगतो." तिथून आमची ओळख सुरू झाली.

नव्वदीची शेवटची वर्षं आणि त्यानंतरची चार-पाच, इतका काळ मी त्या भागात एका ठेकेदाराच्या नोकरीत काढला. ठेकेदाराचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात त्याची आणि माझी दोघांचीही अब्रू जाते.

शब्बीरभाई उंच आणि वाळकुडे होते. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वर बनियन, शुक्रवारी तेवढा इस्त्रीचा सदरा. तोंडात खर्रा. त्या भागात खर्रा कोण खात नाही? पण शब्बीरभाईंचा खर्रा हे एक प्रकरण होतं. प्लास्टिकच्या कागदात सुपारी-तंबाखू तळहातावर घोळत घोळत ते तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचे. मग तोंडात टाकायचे आणि बोलणं बंद. मग तुम्ही कलेक्टर असा नाहीतर कोणी, थांबायचं. गाडीचा फैसला थुंकून आल्यावरच मिळायचा.

आणि कुठल्याही गोष्टीत त्यांचा पहिला प्रश्न एकच, "रस्ता कोनता?" गाडी कोणत्या कंपनीची, किती वर्षांची, हे सगळं नंतर. थोरल्या मुलीसाठी चामोर्शीचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा काय करतो, घर कसं आहे, हे भाभींनी विचारलं. शब्बीरभाई एकटेच मोपेडवर चामोर्शीला जाऊन आले आणि म्हणाले, "रस्ता बरा हाये. पोरीले माहेरी याले तरास नाई होनार. देऊन टाकू." लग्न झालं. जावई सुदैवानं रस्त्याहून बरा निघाला.

आता शर्यतीचं सांगतो.

गोंडपिपरीला किशोरभाऊ म्हणून एक राइस मिलवाला होता. वय पस्तिशीचं, मिल बापानं उभी केलेली, त्यामुळं ह्याला वेगाचं वेड लागायला भरपूर फुरसत. एक छोटी लाल गाडी घेऊन तिचं इंजिन त्यानं नागपूरहून असं काही करून आणलं होतं की ती सुरू झाली की मिलमधले हमाल कानावर हात ठेवायचे. तिकडच्या मोटारशौकीन मंडळींनी वर्षातून एकदा स्पर्धा सुरू केली. बावीस किलोमीटरचा रस्ता, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेक गाडी सोडायची, कमीत कमी वेळ घेईल तो पहिला. आणि रस्ता कोणता? आमचाच, जंगलाच्या कडेचा. शर्यतीसाठी असा खराब रस्ता जिल्ह्यात दुसरा नाही, असं एकमतानं ठरलं म्हणे. मला ते फार लागलं होतं.

किशोरभाऊनं गाडी शब्बीरभाईंकडं दिली. आणि पहिल्या वर्षी शब्बीरभाईंनी घोटाळा केला.

तो घोटाळा त्यांच्याच हातून व्हायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही. तीस वर्षं त्यांनी बांबूचे ट्रक आणि तेंदूपत्त्याच्या पोत्यांनी लादलेल्या जीपा सांभाळल्या होत्या. गाडी बसली की पाटा वाढवायचा, अजून बसली की अजून एक वाढवायचा. शर्यत म्हणजे जोर आणि जोर म्हणजे कडक, हे त्यांच्या हाताला न विचारता ठाऊक. त्यांनी ती लाल गाडी अशी कडक केली की उभी असताना चार माणसं तिच्यावर बसली तरी हलेना. किशोरभाऊ खूश. पण गाडीत शर्यतीला माणसं दोनच, किशोरभाऊ आणि त्याचा साळा. ओझं नाही, काही नाही. सहाव्या किलोमीटरला गाडी उड्या मारू लागली, चाकं जमिनीला टेकेनात, आणि एका वळणावर ती सरळ बांध ओलांडून कापलेल्या धानाच्या शेतात, तिकडच्या भाषेत बांदीत, जाऊन उभी राहिली. साळ्याचा हात मोडला.

त्यानंतर चंद्रपुरात शब्बीरभाईंना तोंड दाखवायची चोरी झाली. पानठेल्यावर लोक विचारायचे, "काऊन शब्बीरभाई, बकरी कशी हाये?" त्या लाल गाडीचं नावच बकरी पडलं. एरवी कोणी बोललं तर चार शब्द ऐकवणारा माणूस, पण तेव्हा मान खाली घालून पुढं निघायचा. मी एकदा गेलो तर खर्रा नुसता घोळत बसले होते, तोंडात टाकत नव्हते. म्हणाले, "साहेब, त्या पोराचा हात म्या मोडला. गाडीनं नाई मोडला."

मी दोन चहा सांगितले.

त्यातून त्यांना बाहेर काढलं कुरखेड्याच्या एका जीपनं. तिकडच्या गावांतून अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात पोचवायला ती जीप ठेवलेली. ड्रायव्हर म्हणाला, "बाया लय रडतात जी, काही तरी करा." शब्बीरभाईंनी रस्ता विचारला आणि मग भलतंच केलं. मागं बाई झोपते तिथं स्वतः आडवे झाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चाल. मी हाव म्हून हळू चालवू नोको."

तासाभरानं परत आले ते कपाळावर टेंगूळ घेऊन. उतरले आणि थेट मागच्या चाकाशी बसले. जीपचे पाटे ओझ्याच्या हिशोबानं होते, आणि आत ओझं काय, तर एक बाई. "बांबू रडत नाई साहेब," ते मला म्हणाले, "म्हून मले तीस वर्स समजलंच नाई." त्यांनी दोन पाटे काढून टाकले, शॉकअप नरम घातले आणि पुन्हा आडवे होऊन फेरी मारून आले. ह्या खेपेला टेंगूळ आलं नाही. उतरताना चेहरा असा फुललेला की मला वाटलं, आता हा माणूस नाचतो की काय! लगेच मोपेडला लाथ मारली. कुठं निघालात म्हटलं तर म्हणाले, "गोंडपिपरी. बकरीचं अन् ह्या जीपचं दुखनं एकच हाये!"

पण किशोरभाऊ आता सहज ऐकणार नव्हता. त्याच्या मिलच्या ऑफिसात टेबलावर एक चकचकीत इंग्रजी पुस्तिका पडलेली होती आणि ती वाचून सांगायला त्यानं मलाच बोलावून ठेवलं होतं. शिकलेला माणूस ना मी!

गोष्ट अशी होती. शर्यतीच्या गाडीला दोन तऱ्हेचे शॉकअप मिळत होते. एक हातानं फिरवायचे. प्रत्येकाला खाली एक गोल बटण, फिरवलं की टिच वाजायचं. असे सोळा टिच, जितके जास्त तितका शॉकअप कडक. एकदा लावला की शर्यत संपेपर्यंत तसाच. दुसरा होता आपोआप बदलणारा, परदेशी गाडीतला. चाकाजवळ सेन्सर, आत कम्प्युटरची एक डबी. खड्डा आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत शॉकअप नरम होणार, वळण आलं की कडक. नागपूरचा एक व्यापारी तो सेट लाल गाडीत बसवून द्यायला तयार होता.

मी छातीठोकपणे सांगितलं, "कम्प्युटरवाला घ्या. त्यात विचार करायचं कारणच नाही. आपल्या हातानं एकच काहीतरी ठरवायचं आणि बावीस किलोमीटर ते भोगायचं, हा कुठला शहाणपणा?" शब्बीरभाई दारात उभे होते, सगळं ऐकत होते. खर्रा तोंडात, त्यामुळं बोलले काहीच नाहीत.

व्यापाऱ्यानं तसा सेट असलेली एक मोठी परदेशी गाडी दाखवायला आणली. शब्बीरभाई तिच्या मागच्या सीटवर चपला काढून आडवे झाले आणि डोळे मिटले. आम्ही शर्यतीच्या रस्त्यानं जाऊन आलो. मला तर गाडी रस्त्याला लागतच नाही असं वाटत होतं. परत आल्यावर ते उतरले, बाजूला जाऊन थुंकून आले. व्यापारी, किशोरभाऊ आणि मी, तिघंही परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे.

"मख्खन," शब्बीरभाई म्हणाले. "किशोरभाऊ, खोटं नाई सांगत. असं काम म्या जिंदगीत पाह्यलं नाई. ज्यानं बनवलं त्याले सलाम." व्यापारी फुलला. "तुमच्या घरच्या गाडीत हेच बसवा. तुमी आज नागपूर, उद्या हैद्राबाद. कुठी कसा रस्ता येईन, कोनाले मालूम? तिथी हेच पायजे. पन शर्यतीले नोको."

"काऊन?" किशोरभाऊ वैतागलाच.

"ह्याले खड्डा चाकाखाली आल्यावर समजते. मले घरी बसून मालूम हाये. नाल्यावरच्या मोठ्या मोरीच्या आदी रस्त्याले पत्र्यासारख्या लाटा हायेत ना, तिथी हे गडबडलं. कडक होऊ का नरम, कडक होऊ का नरम. तवरीक मोरी येऊन गेली. मी पाठीनं मोजलं. अनोळखी रस्त्यावर हे राजा. ओळखीच्या रस्त्यावर हात."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "शब्बीरभाई, हा अभिमान झाला. मागल्या साली हातानंच लावलं होतं ना?"

बोललो आणि जीभ चावली. शब्बीरभाईंचा चेहरा पडला. पण किशोरभाऊनं तोच धागा पकडला. "साहेब बराबर बोलून राह्यले. पन तुमी आमच्या बाबांपासूनचे. ह्या साली तुमचा हात. जिंकलो तं जिंकलो. नाई जिंकलो तं कम्प्युटर, अन् तो तुमी सोता बसवून द्यान."

शब्बीरभाई म्हणाले, "नाई जिंकलो तं मी लहान गाडीले हातच नाई लावनार. ट्रक बरे मले."

आणि ते गमतीनं बोलत नव्हते. त्या माणसाला गाड्या सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि ट्रकही आता मोठ्या गॅरेजांकडं जाऊ लागले होते.

शर्यतीच्या पंधरा दिवस आधी शब्बीरभाईंनी रस्ता चालायला घेतला. गाडीनं नाही, पायी, आणि तेही अनवाणी. चपला पिशवीत घालून, साठीला आलेला माणूस, बावीस किलोमीटर तीन सकाळींत. मी साइटवरून पाहायचो. कुठं थांबून टाच रुतवायचे, कुठं तिरपे उभे राहून झोके घ्यायचे. लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या एका गोंड बाईनं त्यांना विचारलं, "भाऊ, काय हारपलं?"

"काई नाई बाई, रस्ता पाहून राह्यलो."

"तो तं तुमच्या पायाखालीच हाये," ती म्हणाली आणि हसत पुढं गेली. शब्बीरभाईंना ते इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

चौथ्या दिवशी त्यांनी लाल गाडीला हातानं फिरवायचे शॉकअप लावले आणि खाली शिरून बटणं फिरवली. पुढं सहा टिच, मागं चार. किशोरभाऊ हादरला. बाकीचे शर्यतवाले अकरा-बाराच्या खाली येत नव्हते. "इतकं नरम? अहो, ही डुलंन!" शब्बीरभाई म्हणाले, "डुलू दे. पन सुटनार नाई." त्यांनी स्वतः बाजूला बसून किशोरभाऊला चार फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीनंतर किशोरभाऊ उतरला तो शिट्टी वाजवत.

इथपर्यंत सगळं मार्गी लागलं होतं. मग आम्ही माती खाल्ली. आम्ही म्हणजे माझा ठेकेदार आणि मी.

शर्यतीला झेंडा दाखवायला कोणी मोठे पाहुणे येणार असं ठरलं. ठेकेदाराचा मला फोन, "पाहुण्यांना हा रस्ता दाखवायचा? बिल अडकेल आपलं! उद्या संध्याकाळपर्यंत चकाचक पाहिजे." शर्यतीच्या आदल्या दिवशी पहाटेपासून आम्ही मुरूम टाकायला सुरुवात केली. रस्ता जिथं सगळ्यात वाईट, ती नऊ किलोमीटरची पट्टी. खड्डे भरले, लाटा भरल्या, वरून रोलर. दुपारी चारला मी मागं वळून पाहिलं तर काय सांगू, लालभडक गुळगुळीत रस्ता, झाडांच्या सावल्या पडलेल्या. एवढ्या वर्षांत मला माझ्या कामाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा लाल गाडी घेऊन किशोरभाऊ आणि शब्बीरभाई शेवटची नजर टाकायला आले. शब्बीरभाई गाडीतून उतरले, रस्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. खर्रा तोंडात होता. तो त्यांनी तिथंच थुंकला, जे मी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब! इतक्या वर्सात तुमी येक रस्ता टायमावर बनवला. अन् तो बी आजच?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवाशपथ सांगतो, दिवसभरात एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ज्या रस्त्याच्या भरवशावर ह्या माणसानं आपलं नाव पणाला लावलं होतं, तोच मी मुरमाखाली गाडून टाकला होता.

किशोरभाऊ मटकन बॉनेटवर बसला. "झालं! तुमीच बोलले होते ना, अनोळखी रस्त्याले कम्प्युटर. नागपूरचा येक पोरगा शर्यतीले घेऊन आला हाये कम्प्युटरवाली गाडी. आता अकरा टिच करून टाका. सगळ्याईनं कडक केल्या, म्या आत्ताच पाहून आलो. गुळगुळीत रस्त्यावर नरम गाडी घेऊन काय करू?"

शब्बीरभाई चपला काढून मुरमावर उभे राहिले. मला म्हणाले, "किती इंच टाकला?"

"तीन."

"पानी मारलं?"

मी इकडंतिकडं पाहिलं. ठेकेदाराच्या कागदावर पाणी होतं. "टँकर आला नाही," मी म्हटलं.

"रोलर किती डाव?"

कागदावर तीन होते. "एकदा."

"खरं सांगा साहेब. माह्या पोटाचा सवाल हाये."

माझ्या नोकरीचा सवाल होता, पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलणं मला जमलं नाही. "पहिल्या चार किलोमीटरला एकदा. मग डिझेल संपलं. पुढं मजुरांनी फावड्यानं नुसता सारखा केलाय."

मला वाटलं, आता हा मला मारतो. शब्बीरभाईंनी टाच मुरमात घालून गर्रकन फिरवली. खाली जुना, लोखंडासारखा रस्ता लागला. ते वाकले, बोटांनी चाचपलं, आणि सरळ झाले ते हसतच! एवढं मोठं हसू मी त्यांच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"किशोरभाऊ, तुमचा नंबर कितवा?"

"चौदा."

"मंग पुढं सहा, मागं चार. बटनाले हात नोको लावू."

"अहो पन..."

"साहेबाईचं काम मले मालूम हाये. पयल्या पाच-सहा गाड्या ह्या भुशात घसरतीन. मंगच्या तो उडवतीन. बारा गाड्या गेल्या का मुरूम बांदीत, अन् जुना रस्ता वरतं. तेराव्याले खड्डे दिसतीन. चौदावे आपन. बाकीचे सगळे कडक करून बसले हायेत."

किशोरभाऊनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून म्हटलं, "बाराही टिकणार नाहीत. दहा धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मोठ्या मोरीपाशी जाऊन उभे राहिलो. सुरुवातीला पाहुणे, झेंडा, टाळ्या, त्यातलं शब्बीरभाईंना काहीच पाहायचं नव्हतं. पहिली गाडी आली ती तिरपी होऊनच, ताज्या मुरमात नांगर चालवत. दुसरी गोल फिरली. तिसरी-चौथी भीतभीत गेली. लाल धुळीनं झाडं दिसेनात. सातव्या गाडीमागं मुरमाचे ढीग कडेला गेलेले. नवव्या गाडीनंतर खडे उघडे पडले. आणि दहावी निघून गेली तेव्हा धुळीतून माझा जुना रस्ता हळूहळू वर येताना दिसला, तेच खड्डे, त्याच लाटा, एकही इकडंतिकडं नाही. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटत होतं. माझं काम मी सांगितल्याबरहुकूम बिघडलं होतं!

अकरावी आणि बारावी कडक गाड्या, त्या लाटांवर अशा उडाल्या की शब्बीरभाईंनी डोळे मिटून घेतले. तेरावी कम्प्युटरवाली. खरं सांगायचं तर सुरेख आली, त्या दिवसाची तोवरची सगळ्यात सुरेख. फक्त मोरीच्या अलीकडं, लाटा संपता संपता ती एक क्षण बावचळली आणि त्या पोरानं ब्रेक लावला. शब्बीरभाई पुटपुटले, "अल्ला, आता आपली येऊ दे."

चौदावी लाल गाडी. आधी आवाज, मग धूळ, मग ती. लाटांवर तिची चारही चाकं शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर होत होती, पण जमीन सोडत नव्हती. वरची गाडी मात्र शांत. किशोरभाऊनं मोरीवर ब्रेक लावलाच नाही. आमच्यासमोरून ती अशी गेली की माझी टोपी उडाली. शब्बीरभाईंनी गाडी पाहिली नाही, किशोरभाऊला पाहिलं नाही, फक्त चाकं पाहिली. चाकं दिसेनाशी झाल्यावर ते मोरीच्या कठड्यावर बसले.

"जिंकला?" मी विचारलं.

"ते घड्याळाले मालूम. चाक सुटलं नाई, एवढं मले मालूम."

मागच्या दोन गाड्या गेल्या आणि रस्ता मोकळा झाला तसा मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि गोंडपिपरीच्या मैदानाकडं सुसाट सोडली. अर्धा किलोमीटर अलीकडंच ढोल ऐकू आले. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात एकदम घट्ट झाला. मैदानात शिरलो तर माणसांचा समुद्र, आणि त्यावर किशोरभाऊ, लोकांच्या खांद्यावर, धुळीनं लाल, डोळे तेवढे पांढरे. पहिला! कम्प्युटरवाली दुसरी आली होती, चार सेकंदांनी. किशोरभाऊला शब्बीरभाई दिसले तसा तो खांद्यांवरून अक्षरशः घसरून खाली आला आणि त्यांच्या पायाशी वाकला. मागल्या साली हात मोडलेला साळा शब्बीरभाईंच्या गळ्यात पडून ढसाढसा रडत होता. "बकरी, बकरी" करणारे चंद्रपूरचे पानठेल्यावरचे लोक ढोलाच्या पुढं नाचत होते. नागपूरचा तो कम्प्युटरवाला पोरगाही आला आणि विचारू लागला, "चाचा, किती टिच?" शब्बीरभाईंनी त्याला खरे आकडे सांगून टाकले आणि वर म्हणाले, "तुह्यी गाडी बी लय भारी हाये बेटा. जप तिले."

मग त्यांना मंचावर नेलं. त्यांनी पँटचे दुमडलेले पाय खाली सोडले, केसांवरून हात फिरवला. पाहुण्यांनी माइक पुढं करून विचारलं, "मिस्त्री, रस्ता कालच नवा केला होता. तरी तुम्ही गाडी नरम ठेवलीत. एवढा भरवसा कशाचा होता?"

माझा ठेकेदार पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत बसलेला होता. शब्बीरभाईंनी गर्दीत मला शोधून काढलं आणि बोट दाखवलं.

"ते इंजिनेर साहेब उभे हायेत ना तिथी, त्याईच्या कामावर माहा पक्का भरोसा होता. इतके वर्स पाहून राह्यलो. त्याईनं मले दगा नाई देला."

टाळ्यांचा कडकडाट! ठेकेदार उठून उभा राहिला आणि चारी बाजूंना नमस्कार करू लागला. पाहुण्यांनी मला वर बोलावलं. स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि माइकवरून सांगितलं की अशा प्रामाणिक इंजिनिअरांची देशाला गरज आहे.

त्या आठवड्यात ठेकेदारानं खूश होऊन मला बढती दिली आणि सिरोंच्याकडच्या मोठ्या कामावर पाठवलं. चंद्रपूरला परत जाणं झालं नाही. काही वर्षांनी शब्बीरभाई गेल्याचं किशोरभाऊनं फोनवर सांगितलं. तोवर त्यांच्याकडं लांबलांबच्या शर्यतीच्या गाड्या येत होत्या म्हणे, दोन्ही तऱ्हेच्या. आमची पुन्हा भेट झाली नाही, त्यामुळं मला ते आठवतात ते त्या दुपारचेच. लाल गाडीच्या बॉनेटवर बसवलेले, दोन्ही बाजूंनी ढोल, गुलालानं भुवयासुद्धा लाल, एका हातात खर्रा आणि दुसऱ्या हातात शर्यतीचा कप. मिरवणूक माझ्याजवळून गेली तेव्हा ते वाकून माझ्या कानात ओरडले, "हार नोको काढू साहेब! तुमी बी जिंकले!" मी मंचाच्या पायरीवर उभा राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो. हार काढला नाही.